सरांच्या नावावर गेलेलं वाक्य

चंद्रपूर
१४ जानेवारी २०२५

कालिंदी,

तिळगूळ पोस्टानं पाठवला तर आधी मुंग्याच संक्रांत करतील, म्हणून नुसतंच पत्र पाठवते. गोड बोल, एवढं मात्र म्हणणार नाय. तू खरं बोललीस तरी लई झालं.

त्या दिवशी कुठं गायब झालीस? आपल्या कॉलेजनं माझा सत्कार ठेवला, त्याचं मला एवढं अप्रूप नव्हतं. तुला भेटायचं, म्हणून मी एवढ्या लांबून संभाजीनगरला आले. स्टेजवरून तुला बघितलं होतं. तिसऱ्या रांगेत, मोतिया साडी, शेजारी सावनी. भाषण झालं, हारतुरे झाले, खाली उतरून येते तर तुझी खुर्ची रिकामी. सावनी एकटीच उभी. म्हणली, “आईचं डोकं दुखत होतं, ती रिक्षानं गेली.” पोरगी गोड आहे गं तुझी. मला वाकून नमस्कार केला, माझा नंबर घेतला. डोळे तुझेच, पण बघणं मऊ.

फोन करणार होते. पण फोनवर तू ‘काही नाही गं, जरा बरं नव्हतं’ म्हणशील अन् फोडणी जळते म्हणून ठेवून देशील. कागदावर असं पळता येत नाय. शिवाय दिवसभर निकालपत्रांची कोरडी भाषा लिहून माझा हात आखडतो. तुला माझ्या वैजापूरकडच्या बोलीत चार ओळी लिहिल्या की मोकळं वाटतं. मधुसूदन सरांच्या ऑफिसात आपण दोघी एका टेबलावर ज्युनियर होतो, तेव्हा तू या बोलीला हसायचीस. तरी पण लिहिते.

डोकं खरंच दुखत होतं का?

तुझी
तनुजा


ज्योतीनगर, छत्रपती संभाजीनगर
२७ जानेवारी २०२५

प्रिय तनुजा,

जिल्हा न्यायाधीशांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहावं, ही आमच्यासारख्यांना मोठीच गोष्ट. पोस्टमननं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. उत्तराला उशीर झाला, कारण मधे नळाला पाणी येण्याचा दिवस होता आणि त्या दिवशी आमच्याकडे दुसरं काही होत नाही.

डोकंच दुखत होतं. सभागृहात हवा नव्हती.

तुझं भाषण छान झालं. किती सुधारलीस बोलायला! पूर्वी ‘पानी’ आणि ‘लोनी’ म्हणायचीस, आता कुठे अडखळत नाहीस. मधुसूदन सर व्हीलचेअरवर पहिल्या रांगेत होते. ‘जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगायचं, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सल्ला, आणि तो मला सरांनी दिला,’ असं तू म्हणालीस तेव्हा सरांनी रुमाल काढला. लोकांनी किती वेळ टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सरांनी तुला इतकं मोलाचं काही सांगितलं होतं, हे मात्र मला त्या दिवशीच कळलं.

आमचं नेहमीचं चाललंय. सासरे गेल्यापासून घर मोकळं झालं आहे. इतकी वर्षं त्यांच्या औषधांच्या वेळांवर दिवस चालायचा. अभय निवृत्त झाले आणि दिवसभर बातम्या बघतात. सावनीनं न्यायाधीशाची मुख्य परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे. मीच तिचे सगळे विषय घेतले. या खेपेला ती होणारच.

तब्येत सांभाळ. तिकडचं ऊन वाईट.

कालिंदी


चंद्रपूर
८ फेब्रुवारी २०२५

कालिंदी,

पाणी, हवा, औषधं सगळं वाचलं. मधे एक वाक्य आहे, ‘हे मात्र मला त्या दिवशीच कळलं.’ बाकीचं सगळं पत्र तू त्याच्यावर पांघरूण घातल्यासारखं लिहिलंस.

अगं, माझी निम्मी जिंदगी लोकांच्या जबान्या ऐकण्यात गेली. माणूस कुठं थबकतो ते मला दिसतं. काय सलतंय ते सरळ लिही. मी चिडणार नाय.

तनुजा


ज्योतीनगर
२० फेब्रुवारी २०२५

तनुजा,

ते वाक्य माझं होतं.

तू विसरली असशील, मी विसरलेले नाही. अदालत रोडवरच्या जिल्हा कोर्टात तुझं जमिनीच्या ताब्याचं प्रकरण होतं. न्यायाधीशांनी विचारलं, ताबा नेमका कधी घेतला? तुला माहीत नव्हतं. तू आवाज चढवलास, मनानंच एक वर्ष ठोकून दिलंस, समोरच्या वकिलानं कागद काढून दाखवला आणि तू तोंडघशी पडलीस. बाहेर आल्यावर मी तुला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं गं.” सर त्या दिवशी गावातही नव्हते.

आता तू विचारलंच आहेस तर सगळंच लिहिते. मला तुझा हेवा वाटतो. गाडीचा नाही, दारातल्या शिपायाचा नाही. मी वकिली सोडून सासऱ्यांच्या तोंडात पेज भरवत होते, तेव्हा तू माझं वाक्य हातात घेऊन पुढे निघून गेलीस, याचा वाटतो. सरांच्या घरी गेलं की ते तुझ्या बातमीचं कात्रण दाखवतात. ‘आमची तनुजा.’ माझ्यासमोर! पेपरात तुझा फोटो आला की मी तो आधी नीट वाचते आणि मग त्याच कागदावर मेथी निवडते. मुद्दाम. सावनी तुझ्या मुलाखती पाहते तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाते आणि तिथून ऐकते.

माझ्यापाशी दाखवण्यासारखं काय होतं? एवढंच, की एका घाबरलेल्या मुलीला मी एक गोष्ट सांगितली आणि तिचं सगळं आयुष्य वळलं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. अभयनाही नाही. आतल्या आत जपलं होतं. तेही तू माइकवरून सरांना देऊन टाकलंस, आणि मला टाळ्या वाजवाव्या लागल्या.

डोकं दुखत नव्हतं.

कालिंदी


चंद्रपूर
५ मार्च २०२५

कालिंदी,

व्हय. ते वाक्य तुझंच.

पण तुझी आठवण चुकते. ते बाहेर नाय झालं. वकिलांच्या खोलीत झालं, भर दुपारी, सगळे डबे उघडून बसलेले. तू टेबलाच्या त्या टोकाला होतीस. तिथून मोठ्यानं म्हणलीस, “तनुजा, माहीत नाही तर माहीत नाही म्हण की! वावरात हाळी दिल्यासारखी ओरडतेस कशाला?” सगळी खोली हसली. चहा घेऊन आलेला माणूसपण हसला. तू खांद्यावर हात ठेवला नाय गं. माझ्या जवळ पण आली नाय.

मी डबा तसाच बांधला अन् खोलीवर जाऊन रडले. मग हळूहळू त्या बोलण्यातलं वावर टाकून दिलं अन् बाकीचं ठेवलं. पुढं एकदा त्याच जजसाहेबांनी मला काहीतरी विचारलं. माझा आवाज चढायला लागला होता. तुझं तोंड समोर आलं. म्हणले, “मला माहीत नाही, साहेब. दुपारपर्यंत वेळ द्या.” साहेबांनी पेन खाली ठेवलं अन् म्हणले, “घ्या.” बस्स. कुणी हसलं नाय, कुणाची इज्जत गेली नाय. तिथून माझी भीती गेली. न्यायाधीशाच्या मुलाखतीत पण मी तेच म्हणले, अन् निवड झाली.

कोर्टाचं सोड. राजकुमार आजारी होते तेव्हा सासूबाई सगळ्यांना विचारायच्या, “माझा पोरगा बरा होईल ना?” सगळे म्हणायचे, होईल, होईल. मला विचारलं तेव्हा मी म्हणले, “मला माहीत नाय, आई. पण मी इथंच आहे.” त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाय. राजकुमार गेले. दीर म्हणले, आई आता आमच्याकडं राहतील. म्हातारी म्हणली, “नाय, मी हिच्यापाशीच राहीन. ही खोटं बोलत नाय.” आता आत बसून लसूण सोलतेय.

हे सगळं तुझ्या एका वाक्यानं झालं. माझ्या जिंदगीतला सगळ्यात मोठा सल्ला अन् सगळ्यात मोठा अपमान मला एकाच दमात मिळाला. दोन्ही वेगळे करता आले नाय अजून.

आता स्टेजवरचं सांगते. तुझं नाव ओठावर आलं होतं. तुझ्याकडं बघितलं. तू ताठ बसलेली, एकही चुणी नाय साडीला, अन् मी एका क्षणात परत डबा बांधणारी पोरगी झाले. तू माझा हेवा करतेस? तुझ्या घरी भिंतभर पुस्तकं होती, वडील वकील होते. तुला एखादी गोष्ट माहीत नसली तरी लोकांना वाटायचं, हिला माहीत असणार. मला माहीत असलं तरी लोक दुसऱ्याला विचारून खात्री करायचे. त्याची जळजळ अजून गेली नाय. तुझं मोठेपण तुला देताना जीभ अडली अन् सरांचं नाव निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांकडं गेले होते. सर म्हणले, “तनुजा, कार्यक्रमात तुला खोटं कसं पाडू? पण ते मी कधी बोललो नाही. माझ्या ऑफिसात एवढं टोचून बोलणारी एकच होती.” म्हणून तुला पहिलं पत्र लिहिलं. नुसती विचारपूस नव्हती ती.

तनुजा


ज्योतीनगर
११ जून २०२५

तनुजा,

तुझ्या पत्राला मी उत्तर देणार नव्हते. आजही हे त्याचं उत्तर नाही.

सावनीचा निकाल लागला. याही खेपेला नाही. गेले कित्येक दिवस ती घरात कुणाशी धड बोलत नाही. ताटावर बसते, उठते. काल संध्याकाळी मी तिच्यासाठी चहा घेऊन गच्चीवर गेले तर ती फोनवर होती आणि हसत होती. मला पाहून म्हणाली, “ठेवते, मावशी.”

कोण मावशी? मला बहीण नाही.

विचारलं तर म्हणाली, तनुजामावशी. जानेवारीपासून बोलता म्हणे तुम्ही. आणि मला पत्र लिहिताना तुला यातलं काही लिहावंसं वाटलं नाही? जिला बोट धरून मी चालायला शिकवलं, जिच्यासाठी मी म्हातारपणी पुन्हा कायद्याची पुस्तकं उघडली, ती रडायची ती तुझ्याकडे आणि हसायची तीही तुझ्याशी.

मी तिला एवढंच म्हटलं, की पुन्हा परीक्षेला बस. तर म्हणाली, “आई, तू विचारतेस, पण ऐकत नाहीस. तुझ्याकडे उत्तर आधीच तयार असतं.” हे तिला तू शिकवलंस का?

वाक्य घेतलंस, ठीक आहे. मुलगी घेऊ नकोस.

कालिंदी


चंद्रपूर
१९ जून २०२५

कालिंदी,

नाय शिकवलं. ते तिचं स्वतःचं आहे. तुझ्या पोटची आहे, टोचून बोलणारच.

तुला लिहिलं नाय, कारण तिनं शपथ घातली होती. आता तू विचारतेस म्हणून तिला फोन करून विचारलं. म्हणली, सांगा आईला. तर त्या संध्याकाळी काय झालं ते ऐक. ती म्हणली, “मावशी, परत बसू का सोडून देऊ?” मी म्हणले, “मला माहीत नाय. अन् मी असल्या खुर्चीवर बसलेय की परीक्षेबद्दल बोलणं पण बरं नाय.” ती म्हणली, “मग विचारू कुणाला?” मी म्हणले, “आईला.” त्याच्यावर ती हसली. तू गच्चीवर ऐकलंस ते हसणं ते. खुशीचं नव्हतं, कालिंदी.

मी तिला म्हणले, “तुझ्या आईची नजर पक्की आहे. भरल्या खोलीत माझं काय चुकतं ते एकटीला दिसलं होतं. पण तिला लगेच बोलायची घाई.” मग म्हणली, “मला आईची भीती नाही वाटत. तिला वाईट वाटेल याची वाटते. तिला जे व्हायचं होतं ते मी व्हायचंय ना.”

हे मी तुला सांगतेय तेव्हा मला आतून थोडं बरं पण वाटतंय, की एक गोष्ट मला तुझ्याआधी कळली. असली मी. पण तिची मावशी व्हायला मला आवडेल, आई व्हायला जमणार नाय. ती जागा खाली नाय. जाऊन बस तिच्यापाशी.

तनुजा


ज्योतीनगर
२३ सप्टेंबर २०२५

प्रिय तनुजा,

गेले तिच्यापाशी. तुझं पत्र आलं त्याच दिवशी नाही, चार-सहा दिवस मी आधी तुझ्यावर धुसफुसून घेतलं. मग एका दुपारी अभय बाहेर गेले होते, तेव्हा तिच्या पलंगावर जाऊन बसले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, “आई, मी काय करू?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. अभ्यासाच्या वेळापत्रकासकट होतं. ते मी कसं गिळलं माझं मला माहीत. म्हटलं, “मला माहीत नाही.”

ती वळली. “तुला माहीत नाही?”

“नाही.”

इतकी वर्षं मी तिला वाढवलं, पण हे वाक्य तिनं माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं असावं. ती उठून बसली आणि जी बोलायला लागली ती संध्याकाळपर्यंत. तिला न्यायाधीश व्हायचंच नव्हतं. “मला वर बसून ऐकायचं नाही, आई. खाली उभं राहून भांडायचंय.” आणि कुठे? मोनिका म्हणून तिची वर्गमैत्रीण आहे, तिनं कोर्टासमोर छोटंसं ऑफिस घेतलंय, तिथे. कुठल्या गावी? वैजापूरला! मराठवाड्यात एवढी तालुक्याची गावं पडली आहेत, आणि माझ्या मुलीला तुझंच सापडलं. मी हसू की रडू ते मला कळेना. शेवटी दोघी हसलो.

ऑगस्टपासून ती जायला लागली. आठवड्यातले काही दिवस तिथेच मोनिकाकडे राहते. मागच्या आठवड्यात मीही तिच्याबरोबर गेले. मार्केट यार्डापाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, त्यातून वाट काढत कोर्टात पोहोचलो. सावनी आत गेली. मी बाहेर बाकावर बसले. शेजारी एक म्हातारी होती, आशाबाई. मुलगा सांभाळत नाही, घराबाहेर काढलंय, असं काहीतरी ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होती आणि ते तिला अर्धवट उत्तरं देत होते. माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, तुमी वकील हायेत का?”

मी म्हटलं, “होय.”

खोटं नव्हतं. माझी सनद मी कधी परत केली नाही, फक्त तिची पडताळणी व्हायची आहे. पण तो शब्द बोलताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आशाबाईंना मी सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मधे बोलले नाही. त्या सांगत होत्या, रडत होत्या, मधेच सुनेची बाजूही मांडत होत्या. मग सावनीच्या ऑफिसातल्या टेबलाशी बसून मी त्यांचा पोटगीचा अर्ज लिहिला. एका बैठकीत, न खोडता. सावनीनं तो वाचला, म्हणाली, “आई, यात मला काहीच बदलावं लागत नाहीये.” आणि खाली सही केली. तिची. माझी तर चालली नसती.

काय सांगू तुला तनुजा, त्या सहीकडे बघताना माझ्या आत तीच जुनी आग पेटली. पोटच्या मुलीचा हेवा! लिहिलेलं माझं, सही तिची. अगदी ओळखीची जळजळ. परतीच्या एसटीत मला त्याचं हसू येत होतं आणि शेजारची बाई माझ्याकडे बघत होती.

तुझा हेवा गेला, असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुला ते लगेच ओळखू येईल. परवा पेपरात तुझी बातमी होती. कापून ठेवली नाही, पण त्यावर भाजीही निवडली नाही. सध्या एवढंच जमलंय.

आणि ती वकिलांची खोली. मी पुष्कळ आठवून पाहिली. डबे आठवतात, खिडकी आठवते, तुझा चेहराही आठवतो, पण मी तसं बोललेलं मला आठवत नाही. खांद्यावर ठेवलेला हातच आठवतो. ठेवायला हवा होता, म्हणून आठवत असेल. तू म्हणतेस तसंच झालं असणार. जिला लागलं तिलाच नीट माहीत.

दिवाळीत येशील तर आमच्याकडेच उतर. सासूबाईंनाही आण. पाणी भरून ठेवीन.

काल औरंगपुऱ्यात गेले होते. वकिलांचे कोट शिवणारे एक गृहस्थ आहेत तिथे. मी काळं कापड काढून ठेवलं. त्यांनी टेप गळ्यात अडकवला आणि माझ्या पाठीमागे दाराकडे पाहिलं. म्हणाले, “मुलगी कुठंय? माप घ्यायचं ना?”

मी पर्स खुर्चीवर ठेवली, पदर खोचला आणि सरळ उभी राहिले.

म्हटलं, “माझंच घ्या.”

तुझी
कालिंदी